ल्युपस आहे आणि बाळ हवंय, डॉक्टर कसे निवडू?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३१. सहा वर्षांपूर्वी मला ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार, निघाला. मूत्रपिंडावर परिणाम झाला होता, बायोप्सीही झाली. गेलं वर्षभर आजार शांत आहे. आजार आवरण्यासाठी मायकोफिनोलेट व हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, आणि लघवीतून प्रथिनं जाऊ नयेत म्हणून टेल्मिसार्टन चालू आहे. अँटी-रो ही अँटिबॉडी (रक्तातलं प्रतिपिंड) पॉझिटिव्ह आहे. ल्युपस अँटिकोअॅग्युलंट ही गुठळ्यांशी निगडित अँटिबॉडीही एकदा पॉझिटिव्ह आली होती, पुन्हा कुणी तपासलं नाही. आता आम्हाला बाळ हवंय. घरच्यांचा आग्रह आमच्या नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्याचा आहे. त्यांनी घरातली सगळी बाळंतपणं केली आहेत आणि त्यांचा हात चांगला आहे. मैत्रिणीने दुसऱ्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. त्या वयाने लहान आहेत, पण त्यांच्या परिचयात ‘जोखमीच्या गर्भावस्थेतील तज्ज्ञ, ऑटोइम्यून आजारांत विशेष प्रावीण्य’ असं लिहिलंय. अशा ओळीवर किती विश्वास ठेवायचा? त्यांना विचारायचं तरी काय? आणि सासूबाई म्हणतात, दिवस गेले की सगळ्या गोळ्या बंद कर. ते बरोबर आहे का?

उत्तर : आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. दुसऱ्या डॉक्टरांची भेट घ्या, आणि दिवस जाण्याआधीच घ्या. घरच्या डॉक्टरांना सोडायची गरज नाही. दोघी मिळून तुम्हाला सांभाळू शकतात, तेही पुढे सांगते. पण या भेटीहूनही तातडीची एक गोष्ट आहे. तुम्ही मायकोफिनोलेट घेताय. या औषधावर असताना गर्भ राहिला तर गर्भपाताचा धोका वाढतो आणि बाळाच्या कानात, ओठ-टाळूत, हृदयात दोष राहू शकतात. म्हणून औषध बदलून होईपर्यंत गर्भनिरोधन काटेकोरपणे पाळा. त्यासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेऊ नका, कारण ल्युपस अँटिकोअॅग्युलंट पॉझिटिव्ह असेल तर त्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते.

आता परिचयातल्या त्या ओळीकडे वळू. मी संधिवाततज्ज्ञ आहे. माझ्या ल्युपसच्या रुग्णांची गर्भारपणं मी आणि प्रसूतितज्ज्ञ मिळून सांभाळतो, त्यामुळे अशा ओळीमागे काय काय असू शकतं हे मी जवळून पाहिलं आहे. जोखमीच्या गर्भावस्थेतला तज्ज्ञ आधी पूर्ण स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र शिकतो. त्यानंतर दोन-तीन वर्षं फक्त गुंतागुंतीची गर्भारपणं, गर्भाची सोनोग्राफी, डॉप्लर (रक्तप्रवाहाची तपासणी), गर्भजल तपासणी आणि आईचे जुने आजार यांचंच प्रशिक्षण घेतो. इथवर सगळे सारखे. पुढे मात्र वाटा फुटतात. काही जणांचा ओढा बाळाकडे असतो. दिवसभर सोनोग्राफीच्या पडद्यासमोर बसून गर्भाचं हृदय, मेंदू, रक्तप्रवाह बघण्यात त्यांची हयात जाते, आणि त्या कामात त्यांना तोड नसते. काहींचा ओढा आईकडे असतो : तिचं मूत्रपिंड, तिचं हृदय, तिच्या गोळ्या. परिचयपत्रात दोघांच्या नावापुढे जवळपास तेच शब्द येतात. तुम्हाला हवी आहे ती आईच्या आजारात मुरलेली डॉक्टर. म्हणून पहिला प्रश्न साधाच विचारा : “तुम्ही स्वतः ल्युपसच्या बायकांचं गर्भारपण पहिल्या महिन्यापासून बाळंतपणानंतरपर्यंत सांभाळता, की मुख्यतः स्कॅन करता?” याने कुणाचा अपमान होत नाही. चांगली डॉक्टर या प्रश्नाचं स्वागतच करेल.

‘ऑटोइम्यून’, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे आजार, या शब्दाबद्दलही सावध राहायला हवं, कारण हा एकच आजार नाही. संधिवात, ल्युपस, थायरॉइडचा ग्रेव्हज आजार, स्नायू दुबळे करणारा मायस्थेनिया यांची गर्भारपणात एकमेकांशी काडीची सारखी वागणूक नसते. ऱ्हुमॅटॉइड संधिवात असलेल्या पुष्कळ बायकांना गर्भारपणात आराम पडतो आणि बाळंतपणानंतर सांधे पुन्हा सुजतात. ही गोष्ट फिलिप हेंच या अमेरिकी डॉक्टरांनी १९३८ मध्ये नोंदवली. शरीरातच असं काहीतरी तयार होत असलं पाहिजे ज्याने सांधे शमतात, या विचाराचा माग काढत ते कॉर्टिसोनपर्यंत पोचले आणि १९५० चं नोबेल त्यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसह मिळालं. म्हणजे आज आपण वापरतो त्या स्टिरॉइडची पाळंमुळं गर्भवतींच्या निरीक्षणात आहेत. ग्रेव्हजमध्ये आईची प्रतिपिंडं वारेतून पार होऊन बाळाचं थायरॉइड भडकवू शकतात. मायस्थेनिया असेल तर झटके टाळण्यासाठी सर्रास दिलं जाणारं मॅग्नेशियम सल्फेट त्या बाईचे श्वासाचे स्नायू निकामी करू शकतं. हे तपशील ज्या डॉक्टरच्या जिभेवर असतात, तिचं ‘विशेष प्रावीण्य’ खरं. तेव्हा “तुमच्याकडे ल्युपसच्या, मूत्रपिंड सामील असलेल्या रुग्ण येतात का?” असं आजाराचं नाव घेऊन विचारा.

या शब्दाचा आणखी एक वापर मला मुळीच आवडत नाही. काही ठिकाणी वारंवार गर्भपात झालेल्या कुठल्याही बाईला ‘तुमची प्रतिकारशक्ती बाळावर हल्ला करते’ असं सांगून रक्तातल्या एनके पेशी (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मोजतात आणि त्या आकड्यावरून इंट्रालिपिड या स्निग्ध द्रवाचं सलाइन, इम्युनोग्लोब्युलिन किंवा स्टिरॉइड सुरू करतात. या उपचारांमागे भक्कम पुरावा नाही. पैसा, आशा आणि वेळ मात्र तिन्ही जातात. तुमचा ल्युपस बायोप्सीने सिद्ध झालेला आहे, तुम्हाला असल्या तपासण्यांची गरजच नाही. पहिल्याच भेटीत कुणी त्या सुचवल्या तर तिथून उठा.

आता मुख्य मुद्द्यावर येते. ल्युपसमधलं प्रावीण्य नेमकं कुठे कसाला लागतं? समजा तुम्हाला २८ वा आठवडा आहे. बीपी १५०/९६ आलंय, पाय सुजलेत, लघवीत प्रथिनं वाढली आहेत. हे दोनपैकी काहीही असू शकतं. एक, प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे वारेच्या बिघाडातून उठणारा बीपीचा विकार. दोन, ल्युपसने मूत्रपिंडावर पुन्हा धाड घातली आहे. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण इलाज विरुद्ध दिशेचे आहेत. प्रीएक्लॅम्प्सिया बिघडत गेला तर बाळ बाहेर काढणं हाच अखेरचा उपाय. ल्युपस असेल तर स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं वाढवायची आणि बाळाला आत आणखी आठवडे मिळवून द्यायचे. २८ व्या आठवड्यात चूक झाली तर एकतर बाळ विनाकारण फार अपुऱ्या दिवसांचं जन्मतं, नाहीतर आईचं मूत्रपिंड जातं.

जाणती डॉक्टर इथे काय बघते ते सांगते. तुमच्या गर्भधारणेआधीच्या प्रथिनांचा आकडा तिच्या हाताशी असतो, कारण तो तिने आधीच मागून घेतलेला असतो. ती रक्तातली सी३ आणि सी४ ही प्रतिकारशक्तीची प्रथिनं तपासायला सांगते. ल्युपस उसळला की ती घटतात. निरोगी गर्भारपणात ही पातळी सहसा वाढते, त्यामुळे नुसती ‘नॉर्मल’च्या खालच्या टोकाला घसरली तरी तिचे कान टवकारतात. ल्युपसमध्ये आढळणारी डीएसडीएनए अँटिबॉडी चढली आहे का ते बघते. लघवीत लाल पेशी आणि त्यांचे कास्ट, म्हणजे मूत्रपिंडाच्या नळ्यांत बनलेले साचे, दिसले तर कौल ल्युपसकडे झुकतो. प्लेटलेट उतरणं मात्र दोन्हीत होतं, त्यामुळे त्या एकाच खुणेवर ती विसंबत नाही. यकृताचे एन्झाइम आणि युरिक अॅसिड चढलं तर कौल प्रीएक्लॅम्प्सियाकडे जातो. जिथे सोय आहे तिथे वारेतून येणाऱ्या प्लासेंटल ग्रोथ फॅक्टरचीही तपासणी करतात. ही प्रथिनं १४ व्या आठवड्यात दिसली असती तर प्रश्न सोपा होता, कारण प्रीएक्लॅम्प्सिया २० आठवड्यांआधी क्वचितच होतो. आणि इएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी? तो गर्भारपणात सगळ्यांचाच वाढतो. इएसआर बघून ‘ल्युपस उसळला’ म्हणणाऱ्या डॉक्टरला या वाटेची सवय नाही, असं खुशाल समजा.

हे सगळं एकटीने ठरवायचं नसतं. म्हणून माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे : “माझ्या संधिवाततज्ज्ञांशी आणि मूत्रपिंडतज्ज्ञांशी तुम्ही थेट बोलता का, की चिठ्ठी माझ्या हातात देता?” मोठ्या केंद्रांत दोन्ही शाखांचे डॉक्टर एकाच ओपीडीत बसतात. तसं नसलं तरी फोनवर बोलणारी, लेखी योजना दोघांकडे ठेवणारी डॉक्टर पुरते. वयाने लहान असली तरी हे करणारी डॉक्टर मी निवडेन. हजारो सुखरूप बाळंतपणांचा अनुभव मोठाच असतो, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्यातल्या किती जणींच्या मूत्रपिंडाची बायोप्सी झाली होती, हे विचारल्याशिवाय तो अनुभव तुमच्या कामाचा आहे की नाही ते कळत नाही.

पहिल्या भेटीत तुमच्या कागदांवरून ती काय बोलते, यावरूनही पारख होईल. मायकोफिनोलेटबद्दल तिने सांगायला हवं की ते गर्भधारणेच्या किमान ६ आठवडे आधी थांबवायचं, त्याऐवजी बहुधा अॅझाथायोप्रिन सुरू करायचं आणि त्यावर आजार शांत राहतो का ते काही महिने बघायचं. गर्भधारणेआधी ल्युपस निदान ६ महिने शांत असावा, हा नियम जगभर मानला जातो. तुमचं एक वर्ष झालंय, ही चांगली गोष्ट आहे, पण ते मायकोफिनोलेटवर झालंय. नव्या औषधावरची शांतता वेगळी मोजावी लागते. म्हणून ‘लगेच प्रयत्न सुरू करा’ म्हणणाऱ्या सल्ल्याने हुरळून जाऊ नका.

ल्युपस अँटिकोअॅग्युलंट पुन्हा तपासायलाच हवं. सोबत अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीनच्या अँटिबॉडीही. एकदा पॉझिटिव्ह आल्याला अर्थ नाही, १२ आठवड्यांच्या अंतराने पुन्हा आलं तरच ते धरतात. लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या अँटिबॉडी, रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपात यांचा धागा जुळवून दाखवला. त्याआधी कितीतरी बायका कारण न कळता बाळं गमावत राहिल्या. तुमची दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह आली तर गर्भारपणाची जोखीम वाढते, हे तुमच्यापासून लपवू नये. पण लगेच पोटात रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं घ्यावी लागतील असंही नाही. पूर्वी गुठळी झालेली नाही, गर्भ गमावलेला नाही, अशा बाईला बहुतेकदा कमी मात्रेचं अॅस्पिरिन पुरतं. हे अॅस्पिरिन तर ल्युपसच्या प्रत्येक गर्भवतीला साधारण १२ व्या आठवड्यापासून, १६ व्याच्या आत सुरू करतात, प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी. हेपॅरिन लागलंच, तर ते वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. फक्त कमरेत भूल द्यायच्या आधी शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं याचा हिशेब ठेवावा लागतो : प्रतिबंधक मात्रेनंतर १२ तास, पूर्ण मात्रेनंतर २४. भूलतज्ज्ञाची गाठ आठव्या महिन्यातच घालून देणारी डॉक्टर हा हिशेब जाणते.

अँटी-रोबद्दल इकडेतिकडे वाचून तुमची झोप उडाली असेल. आकडा समजून घ्या. ही अँटिबॉडी असलेल्या आयांच्या बाळांपैकी सुमारे २ टक्के बाळांत हृदयाच्या ठोक्यांची वाट अडते, त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. ९८ टक्के बाळांना तो होत नाही. ज्यांचं आधीचं बाळ यातून गेलेलं असतं, त्यांच्यात हे प्रमाण पुष्कळ जास्त असतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा आयांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दिल्यावर ते निम्म्याहून कमी झालेलं दिसलं. तुमचं हे पहिलंच बाळ आणि ती गोळी तुम्ही घेताच आहात. १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या हृदयाची इको करतात. ती किती वेळा करावी यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही, आणि पूर्ण ब्लॉक एकदा झाला की औषधाने तो परत फिरत नाही. हे दोन्ही तोंडावर सांगणारी डॉक्टर मला ‘काही होत नाही हो’ म्हणणारीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. काही बाळांना जन्मानंतर अंगावर चट्टे येतात, ते सहा-आठ महिन्यांत आईची अँटिबॉडी विरली की जातात.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या तोंडून पटणार नाही, म्हणून त्यांना या भेटीला सोबत न्या. त्यांची काळजी खरी आहे. गर्भारपणात घ्यायच्या नाहीत अशा गोळ्या असतातच आणि तुमच्या तीनपैकी दोन तशाच आहेत. मायकोफिनोलेट आधीच जायचंय. टेल्मिसार्टनने बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते, गर्भजल आटतं. ते गर्भधारणेआधी बदलायचं की पाळी चुकताच तपासणी करून त्याच दिवशी थांबवायचं, हे मूत्रपिंडतज्ज्ञांशी बोलून ठरवतात. पण हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही तिसरी गोळी मात्र चालूच राहायला हवी. ती बंद केली की गर्भारपणात ल्युपस उसळण्याची शक्यता वाढते, आणि उसळलेला ल्युपस बाळाला त्या गोळीहून कितीतरी जास्त घातक असतो. मात्रा वजनाच्या हिशेबात, दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत हवी. डोळ्यांची तपासणी वेळच्या वेळी करत राहा. अॅझाथायोप्रिन आणि गरज पडल्यास थोडं स्टिरॉइडही गर्भारपणात चालतं. दुखण्यावरच्या ब्रूफेनसारख्या गोळ्या २० आठवड्यांनंतर नकोत.

घरच्या डॉक्टरांचं काय? त्या मानी असतील तर त्यांना हे पत्रच दाखवा. पुष्कळ अनुभवी डॉक्टर स्वतःहून म्हणतात की तज्ज्ञांची योजना घेऊन या, मधल्या तपासण्या मी करते. रोजचं बीपी, लघवीची तपासणी, रात्रीबेरात्रीचा फोन, यासाठी घराजवळचं माणूस लाखमोलाचं असतं. बाळंतपण मात्र जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, मोठ्यांचा आयसीयू, रक्तपेढी आणि डायलिसिसची सोय एकाच आवारात आहे, तिथेच व्हावं. हे आधीच ठरवून ठेवा. शेवटच्या तीन महिन्यांत दर चार आठवड्यांनी बाळाच्या वाढीची सोनोग्राफी होईल, गरज पडली तर डॉप्लर त्याहून लवकर.

बाळंतपणानंतरचे महिने कुणाच्या लक्षात राहत नाहीत. सगळ्यांचे डोळे बाळाकडे असतात आणि ल्युपस नेमका तेव्हा डोकं वर काढतो. “बाळंतपणानंतर मला कोण बघणार आणि कधी?” हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, अॅझाथायोप्रिन घेत असताना अंगावर पाजता येतं, मायकोफिनोलेटवर पाजू नये. घरात कुणी ‘दूध पाजतेस तर गोळ्या कशाला’ म्हटलं तर ही ओळ त्यांना वाचून दाखवा.

तुम्हाला पत्र लिहिताना भीती वाटत होती हे ओळी वाचताना जाणवलं, म्हणून हेही सांगते. एके काळी ल्युपसच्या बायकांना ‘मूल होऊ देऊ नका’ असंच सांगत. एका मोठ्या आढाव्यानुसार १९६० च्या सुरुवातीला अशा गर्भारपणांपैकी ४३ टक्क्यांत बाळ हाती लागत नव्हतं. २००० ते २००३ मध्ये ते प्रमाण १७ टक्क्यांवर आलं. २०१५ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या ३८५ ल्युपसग्रस्त गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा आजार शांत किंवा सौम्य होता, आणि त्यांच्यापैकी ८१ टक्के जणींचं गर्भारपण गुंतागुंतीविना पार पडलं. लघवीतून फार प्रथिनं जाणाऱ्या बायका त्यात घेतल्या नव्हत्या आणि ल्युपस अँटिकोअॅग्युलंट असलेल्यांना जास्त त्रास झाला, हे त्याच अभ्यासात आहे. म्हणूनच तुमच्या प्रथिनांचा आजचा आकडा आणि ती दुसरी तपासणी या दोन गोष्टींवर मी इतका भर देतेय.

जाताना बायोप्सीचा जुना रिपोर्ट, गेल्या वर्षभरातले लघवीचे आणि क्रिएटिनिनचे आकडे तारखेनुसार लावून, सी३-सी४, अँटिबॉडीचे रिपोर्ट, नेत्रतपासणीचा कागद आणि सध्याच्या गोळ्यांची पानं घेऊन जा. तुमच्या संधिवाततज्ज्ञांचा नंबर या नव्या डॉक्टरांना द्या आणि त्यांनी तुमच्यासमोरच फोन लावला तर उत्तमच. या दोघांचं बोलणं होईपर्यंत एकही गोळी स्वतःहून बंद करू नका आणि गर्भनिरोधन चालू ठेवा. दुसऱ्या तपासणीत ल्युपस अँटिकोअॅग्युलंट काय आलं ते मला जरूर कळवा.